मिस्त्रीमामांची भीती

मिस्त्रीमामा बोटीत पाय ठेवायचे तेव्हा त्यांचे हात थरथरत. पाणीपुरवठा खात्याची मोटारबोट वीस वर्षं चालवणारा हा माणूस पाण्याला भितो, हे कचेरीत सगळ्यांना ठाऊक होतं. पाठीमागे लोक त्यांना 'थरथरे' म्हणत. मामांना ते कळायचं. "भितो तर भितो. त्यात खोटं काय हाय?" एवढंच ते म्हणत.

लातूर जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता आणि त्या साली पाऊस पडलाच नव्हता. अहमदपूरच्या पुढच्या तलावात पिण्याजोगं पाणी किती उरलंय, याचे आकडे दर आठवड्याला वर पाठवायचे होते. मी नवीन ओव्हरसीयर, आमच्या बौद्धवाड्यातली सरकारी नोकरी लागलेली पहिली मुलगी. पोहता येत नाही हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. मामांनी ते पहिल्या दिवशीच ओळखलं. बोटीत तरंगणारं जाकीट एकच होतं. ते त्यांनी माझ्यापुढे ठेवलं.

इंजिन जुनं, पेट्रोलवर चालणारं, बोटीच्या मधोमध लाकडी झाकणाखाली होतं. बटण दाबण्याआधी मामा ते झाकण उघडून पेट्रोल कुठं गळतंय का, याचा पाच मिनिटं नुसते वास घेत बसत. बाकीच्यांना त्याचा कंटाळा यायचा. एकदा बोट चालूच होईना. बॅटरी मेली, नवी मागवा, असं सगळे म्हणाले. मामांनी तिच्या टोकांवर साठलेला पांढरा क्षार गरम पाण्यानं धुतला, तारा घासून पुन्हा बसवल्या आणि बोट सुरू झाली. "बॅटरी जित्ती हाय," ते म्हणाले, "तिचं म्हणणं इंजिनपातुर पोचून नव्हतं राहिलं."

मे महिन्यातल्या एका दुपारी आम्ही दोघंच तलावाच्या मध्यावर होतो. मी दोरीला शिसं बांधून खोली मोजत होते. पाणी इतकं उतरलं होतं की धरणात बुडालेल्या जुन्या गावाच्या भिंती वर आल्या होत्या. अचानक वारा सुटला. बटणाशेजारचा छोटा दिवा लाटेसरशी लुकलुकला, इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं. वारा बोटीला त्या भिंतींकडे ढकलायला लागला.

मी बटणाकडे हात नेला. मामांनी माझं मनगट धरलं.

"माय, हात लावू नको. वास येऊन राहिला."

त्यांनी आधी बॅटरीची तार सोडली, मग झाकण उघडलं. तळाशी पेट्रोल चमकत होतं. मी रडत म्हणाले की भिंती जवळ आल्या.

"भिंतीला लागलो तर बोट फुटंल," मामा म्हणाले. "आता ठिणगी पडली तर आपुन जळू. तू बांबू धर."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तरी ते पुटपुटत एकेक तपासत गेले. दिवा लुकलुकला म्हणजे कुठंतरी तार उघडी. इंजिन खोकलं म्हणजे नळीत हवा शिरली. पेट्रोलची रबरी नळी जोडापाशी चिरली होती. तेवढा तुकडा कापून त्यांनी ती पुन्हा बसवली आणि तारेनं आवळली. लोखंडाला घासून उघडी पडलेली तार सापडली, तिला पट्टी गुंडाळली. मग अंगातला सदरा काढून त्यात तळातलं पेट्रोल टिपलं आणि सदरा लांब पाण्यात फेकून दिला.

मी एका घराच्या भिंतीला बांबू टेकवून जीव खाऊन रेटत होते. भिंतीतला कोनाडा माझ्या तोंडासमोर होता. बोट खरडल्याचा आवाज आला. आता तरी चालू करा, असं मी किती वेळा म्हणाले कुणास ठाऊक. मामा झाकण उघडं ठेवून वास जायची वाट पाहत उघडेच बसले होते. शेवटी त्यांनी मला पार टोकाला बसवलं, तार जोडली, डोळे मिटले आणि बटण दाबलं. इंजिन सुरू झालं.

काठावर आल्यावर आम्ही दोघं चिखलातच बसलो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बदलीचा अर्ज लिहायला सांगितलं. मी 'प्रकृतीच्या कारणास्तव' असं लिहिलं. त्यांनी तो माझ्याकडून वाचून घेतला.

"प्रकृतीला काय झालंय? भीती वाटती म्हनून लिव्ह."

मी म्हटलं, लोक हसतील.

"हासू दे. ही बोट भ्यायसारखी झाली, हे सायबाला कळाया पायजे. न्हाईतर दुसऱ्या कुनाला तरी बसवतील हिच्यात."

मी खोडून तसंच लिहिलं. साहेबांनी अर्ज दोनदा वाचला. ते हसले नाहीत. बोट काठावर ओढून ठेवली आणि मामा लातूरच्या वर्कशॉपात गेले. पुढच्या वर्षी ते वारल्याचं मला उशिरा कळलं.

नंतर बऱ्याच वर्षांनी जळकोटकडे एका शाळेमागची पाण्याची टाकी तपासायला मी वर चढले. कागदोपत्री सगळं ठीक होतं, पण मी शिडी धरून लगेच खाली उतरले. शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं, 'वर उभं राहायला भीती वाटली.' हा कसला शेरा, असं नव्या साहेबांनी विचारलं. मी म्हटलं, आमच्या मिस्त्रींच्या पद्धतीचा आहे. टाकीतलं पाणी सोडायला लावलं आणि ती रिकामी होईपर्यंत पोरांना आत जाऊ न देता मी शाळेच्या फाटकातच बसून राहिले.