दस्तीखालची फी

भाचीच्या प्रवेशाची सगळी तयारी मी केली होती. मूळ कागद एका फाईलमध्ये, झेरॉक्स दुसऱ्या फाईलमध्ये, फोटो पाकिटात आणि पिशवीत गोंद, कारण कॉलेजच्या खिडकीवर गोंद कधीच नसतो. तयारी करायची राहिली ती फक्त माझ्या भावाची.

भाऊ पुसेगावला शेळ्या-मेंढ्या पाळतो. बाजारात त्याच्याशी सौदा करायचं व्यापारी टाळतात. पोरीला बी.एस्सी. करायचं होतं, यादीत नाव लागलं होतं आणि प्रवेशाचा तो शेवटचा दिवस होता. फी मात्र एवढी वाढली होती की घरून आणलेले पैसे पुरणार नव्हते.

ती का वाढली, यावर गावात चर्चा झालीच होती. कॉलेज म्हणत होतं, विद्यापीठाचं परिपत्रक आहे. विद्यापीठ म्हणत होतं, सरकार अनुदान देत नाही. सरकार म्हणत होतं, शिक्षण ही गुंतवणूक आहे. कुणाची, ते कुणी सांगत नव्हतं.

कॉलेजात पोचल्यावर भावानं भिंतीवरचा फीचा तक्ता माझ्याकडून वाचून घेतला आणि म्हणाला, आधी माल पाहू. दात पाहिल्याबिगर बोकड घेतो का आपण? जिमखाना शुल्क होतं, म्हणून शिपायाला जिमखाना दाखवायला लावला. त्याला कुलूप होतं; खिडकीतून मोडकी बाकं दिसली. संगणक प्लास्टिकखाली झाकलेले होते. धूळ बसू नये म्हणून आम्ही ते उघडतच नाही, असं शिपायानं अभिमानानं सांगितलं. क्रीडांगणावर कुणाच्या तरी शेळ्या चरत होत्या. तेवढ्या भावाला पसंत पडल्या.

मग भाचीसह आम्ही तिघं प्राचार्यांच्या खोलीत गेलो. मी अर्ज काढतेय तोवर भावानं खांद्यावरची दस्ती हातावर टाकली आणि तो हात टेबलावरून पुढं केला. जनावरांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि विकणारा कापडाखाली एकमेकांची बोटं धरून आकडा सांगतात. मला कुठं पाहावं ते कळेना. पण प्राचार्यही शेतकऱ्याच्या घरचे. आपण काय करतोय हे कळायच्या आत त्यांचा हात दस्तीखाली गेला होता.

दोघंही बाजारातल्यासारखे भलतीकडं पाहत राहिले. बोटं हलली, पुन्हा हलली. प्राचार्यांचं उत्तर बदलेना: पूर्ण फी.

भाऊ उठला आणि चालू लागला. बाजारात हीच खरी चाल. विकणारा मागून हाक मारतो आणि सौदा तुटता तुटता जुळतो. तो सावकाश चालला, फाटकापर्यंत गेला. मीही मागं गेले. कुणी हाक मारली नाही.

थोड्या वेळानं भाचीच बाहेर आली. "बापू, वापस या. बाजारात इकणाऱ्याला घाई असती. हितं माझ्या मागं लाईन हाय."

भावानं दस्ती खांद्यावर टाकली. मग तो परत आत गेला आणि या वेळी तोंडानं बोलला, "पुरी देतो, सर. पर एकदम न्हाई."

प्राचार्यांनी हप्त्यांच्या अर्जावर सही केली. अर्थात अर्ज मी घरूनच लिहून आणला होता. सही करता करता ते हळूच म्हणाले, "माझी पोरगी पुण्यात शिकती. तिथं मला कुणी खुर्चीबी दिली न्हाई."

खिडकीवर पहिला हप्ता भरला. भावाला राहवेना. पुढच्या साली हाच भाव राहील का, असं त्यानं कारकुनाला विचारलं.

"वाढंल."

"काहून?"

"वर्षात जनावर वाढतं, मामा. मग किंमत वाढणार न्हाई व्हय?"

मागची लाईन हसली. भाऊही हसला; बाजारातला माणूस चांगल्या उत्तराला दाद देतो. भाची तेवढी हसली नाही. तिनं पावती घेतली आणि वर्ग कुठं भरतो ते विचारलं. भौतिकशास्त्र शिकवणारे सर अजून नेमायचे आहेत, घाई नाही, असं कारकून म्हणाला.

"खोली तर हाय ना?" तिनं विचारलं, आणि कुणी दाखवायची वाट न पाहता ती शोधायला निघाली.