शुभहस्ते न वाजलेली घंटा

वाटूरच्या त्या गल्लीत एक नियम होता. वाळवण घालायचे असेल, तर आधी बेबीनंदाबाईंना विचारायचे, आणि त्या नको म्हणाल्या, तर खुशाल घालायचे. नियम घालून दिला होता शेजारच्या चतुराबाईंनी. "आमची बेबी म्हणती, पावसाची शक्यता हाय. अगं, शक्यता तर माझ्या मरायची बी हाय, मंग मी रोज सरण रचून ठेवू का?" असे म्हणत त्या सांडगे उन्हात पसरत. पाऊस आला नाही, तर बाईंचे शिक्षण वाया गेले असे गल्लीत ठरे; आला, तर त्यांचे तोंडच अपशकुनी ठरे. बेबीनंदाबाई दोन्ही निकाल मुकाट्याने ऐकत आणि स्वतःचे कपडे दोरीवरून काढून आत नेत.

त्यांचे माहेर भोकरदनकडचे. सातवीत असताना गावाबाहेरच्या कडुलिंबाखाली वीज पडून दोन म्हशी दगावल्या होत्या. दुसऱ्या दिवशी भूगोलाच्या तासाला त्यांनी विचारले, वीज झाडावरच का पडली? गुरुजींनी पुस्तक चाळले, तो भाग शोधला, त्यांना तो सापडलाही, आणि मग ते म्हणाले, "हे परीक्षेला न्हाई." बेबीनंदाबाईंनी पुढे भूगोलातच पदवी घेतली, जालन्याला बी.एड. केले आणि वाटूरपासून चार किलोमीटरवरच्या एका खाजगी माध्यमिक शाळेत त्या शिक्षिका झाल्या. त्याला अकरा वर्षे झाली होती; कायम मात्र त्या अजून झाल्या नव्हत्या. त्यासाठीच्या प्रस्तावावर संस्थेचे अध्यक्ष भारतराव यांची सही हवी होती, आणि प्रस्ताव दोन वर्षे त्यांच्या टेबलावर पडून होता. भारतराव विसराळू नव्हते. केलेल्या सहीपेक्षा न केलेली सही माणसाला अधिक नम्र ठेवते, एवढे त्यांना पक्के ठाऊक होते.

वर्गात बाई जे परीक्षेला नसे, ते सर्वांत मन लावून शिकवत. एकदा मार्चमध्ये गारपीट झाली, तेव्हा त्यांनी लिंबाएवढी गार घरच्या विळीवर चिरून आणली आणि वितळायच्या आत पोरांना तिच्यातले थर मोजायला लावले. ढगात वर जाणाऱ्या हवेने गारेला उचलावे, तिच्यावर बर्फ चढावा, तिने खाली यावे आणि पुन्हा उचलले जावे. गारेचा घडतानाचा सारा प्रवास त्या थरांत दिसतो, असे त्या सांगत. विजेचे त्यांनी एकच सूत्र घोटून घेतले होते. लखलखाट दिसला की मोजायला लागायचे. तीस म्हणायच्या आत गडगडाट ऐकू आला, तर हातातले काम टाकून पक्क्या छताखाली जायचे. झाड नको, पत्र्याचा मांडव नको, लोखंडी खांब तर नकोच. अभ्यासक्रम मागे राहतो, अशी मुख्याध्यापक बद्रीनाथ सरांची यावर तक्रार असे, आणि ती खरी होती.

ऑक्टोबरात वरून परिपत्रक आले: शाळेत आपत्ती व्यवस्थापन दिन साजरा करून छायाचित्रे पाठवावीत. परिपत्रकातल्या शेवटच्या दोन शब्दांनी बद्रीनाथ सरांच्या अंगात उत्साह संचारला. मैदानात लोखंडी पाइपांवर पत्र्याचा मांडव पडला. जालन्याहून पितळी घंटा आली आणि तिच्या लोलकाला लाल फीत बांधली गेली. कार्यक्रम असा ठरला, की मांडवात बसलेल्या दोनशे चाळीस विद्यार्थ्यांनी भारतरावांच्या शुभहस्ते घंटा वाजताच रांगेने वर्गांत जायचे. म्हणजे आपत्ती आली असता काय करावे, हे सिद्ध होईल. वर्ग धुऊन, उंबऱ्यांवर रांगोळ्या काढून, कुलपे लावून ठेवण्यात आले. उद्घाटनाआधी रांगोळी पुसली गेली असती, तर ती आपत्ती सरांना झेपली नसती.

भारतराव दोन वाजता येणार होते. सव्वातीनला ते वाटूर फाट्यावर पोचले आणि तिथे त्यांचा आणखी एक सत्कार निघाला. मांडवाखाली पोरे घामाने चिंब झाली होती. सकाळपासूनच्या उकाड्याने बाईंचे लक्ष कार्यक्रमात नव्हतेच. त्या मंठा गावाच्या दिशेला पाहत होत्या. तिकडे ढग उभा वाढत होता, आणि त्याचा माथा ऐरणीसारखा पसरू लागला होता. पहिला लखलखाट झाला, तेव्हा नववीच्या रांगेतून पुटपुटणे सुरू झाले. कोणी सांगितले नव्हते. पोरे मोजत होती. बेचाळीस. पुढच्या खेपेला तेहतीस. त्यानंतर चोवीस.

बाई व्यासपीठापाशी गेल्या.

"सर, चोवीस झाले. पोरांना आत घ्या."

"साहेब फाट्यावर आलेत, मॅडम. दहा मिनिटं."

"आत बसवू. साहेब आले की परत आणू बाहेर."

"आणि घंटा वाजल्यावर ती कुठं जातील? आतून आत?" सरांनी घाम पुसला. "फोटोत काय दिसल, सांगा बरं."

"सर, हा मांडव लोखंडाचा हाय."

"मला म्हाईत न्हाई का? बिल मीच पाह्यलंय." मग आवाज उतरवून ते म्हणाले, "मॅडम, तुमचा प्रस्ताव साहेबांच्या टेबलावर हाय. त्यांच्या मूडवर हाय सगळं. मी तुमच्या चांगल्यासाठी बोलून राह्यलो."

सर खोटे बोलत नव्हते, आणि बाईंना ते माहीत होते. अकरा वर्षांत त्या भारतरावांसमोर कधी मोठ्याने शिंकल्याही नव्हत्या. एका सहीपाशी येऊन उभे राहायला त्यांचे अर्धे वय गेले होते, आणि ती सही आता चार किलोमीटरवर हार घालून घेत होती. तेवढ्यात मांडवाच्या कापडी झालरीवर पांढरा उजेड पडला. दोनशे चाळीस तोंडे आता उघडपणे मोजू लागली, आणि सतरावर मैदान हादरले.

बाईंनी फीत उपटली आणि घंटा वाजवली.

सूचना कोणालाच द्यावी लागली नाही. पहिली ते शेवटची रांग ठरल्याप्रमाणे उठली. शिपाई कडूबा चाव्या घेऊन सरांकडे पाहत उभा होता. बाई त्याला म्हणाल्या, "कडूबाभाऊ, त्यांच्याकडं नंतर बघा," तेव्हा त्याने कुलपे काढली. रांगोळ्यांचे चार मिनिटांत काही उरले नाही. सर सर्वांत शेवटी, हारांची परात छातीशी धरून आत आले. त्यानंतर सुटलेल्या वाऱ्याने अर्धे पत्रे शेजारच्या सोयाबीनमध्ये नेऊन टाकले, आणि वीज मांडवाच्या कोपऱ्यातल्या पाइपवर उतरली. ध्वनिक्षेपक जळाला. पहिल्या रांगेच्या सतरंजीला टोपलीएवढे भोक पडले. पोरे खिडकीतून ते भोक पाहत राहिली. मोजायचे मात्र कोणी थांबले नाही.

भारतराव पाच वाजता आले, तेव्हा ऊन पडले होते. भिजक्या मैदानात सत्कार होणे शक्य नव्हते, म्हणून दुसऱ्या दिवशी पोरांना पुन्हा बाहेर बसवण्यात आले. निरभ्र आकाशाखाली भारतरावांनी घंटा वाजवली, पोरे रांगेने आत गेली आणि छायाचित्रे वर पाठवली गेली. शाळेच्या अहवालात उपक्रम यशस्वी झाल्याची नोंद झाली. आदल्या दिवशीची नोंद नोटिशीत झाली: 'मा. अध्यक्ष महोदयांच्या शुभहस्ते वाजवावयाची घंटा आपण परस्पर वाजवून संस्थेचा अवमान केला, याबाबत लेखी खुलासा करावा.'

खुलाशासाठी बाईंना भारतरावांच्या जुन्या जालन्यातल्या कार्यालयात बोलावले. टेबलावर प्रस्तावाची फाइल उघडी होती आणि तिच्यावर टोपण काढलेला पेन होता. बद्रीनाथ सर खुर्चीच्या काठावर बसले होते.

"बाई, मी रागावलेलो न्हाई," भारतराव म्हणाले. "मला फक्त समजून घ्यायचंय. त्या दिवशी एखाद्या पोराला काही झालं का?"

"न्हाई, साहेब."

"साधं खरचटलं?"

"न्हाई."

"मंग घाई कशाची होती?"

या प्रश्नातला तर्क बद्रीनाथ सरांना इतका पटला, की त्यांची मान आपोआप हलली. भारतरावांनी समजूतदारपणे एक कोरा कागद पुढे सरकवला.

"चूक झाली, एवढंच लिहा. दोन ओळी. तुम्ही तिकडं लिहा, मी इकडं सही करतो. बराबरीचा सौदा हाय."

"लिहून टाका, मॅडम, जल्दी," सर हळूच म्हणाले. "शब्दांनी काय अंगाला भोकं पडत्यात?"

बाईंनी कागद जवळ ओढला. पेन मात्र त्यांनी फाइलीवरचा न घेता स्वतःच्या पर्समधला काढला. दोनच ओळी लिहिल्या, खाली नाव घातले, तारीख घातली आणि कागद भारतरावांच्या पुढे ठेवला. चष्मा शोधायला भारतरावांनी खिसे चाचपले, तेव्हा त्यांना त्रास नको म्हणून बाईंनी तो स्वतःच वाचून दाखवला:

"घंटा मी वाजवली, कोणाला विचारून वाजवली नाही, आणि पुढच्या वेळीही विचारणार नाही. प्रस्तावाचं काय करायचं ते तुम्ही बघा."