टिटवीची अंडी

लेकीला शाळेत न घालता आम्ही घरीच शिकवत होतो, आणि त्याचा मला भारी अभिमान होता. सकाळी पक्ष्यांचं पुस्तक घेऊन मी तिला कसबा बावड्याच्या शेतांकडे न्यायचो. तिथं बांधावर एक बाई म्हशीसाठी गवत कापत असायच्या. दोन वर्षांच्या ओळखीनंतरही त्यांच्या लेखी मी 'पावणं'च. विळा न थांबवता त्या रोज विचारायच्या, "अजून शाळंला न्हाय घातली व्हय पोरीला?" मी शिक्षणावर भाषण द्यायचो. त्या गवताकडे बघत "बरं की" म्हणायच्या.

एकदा नांगरलेल्या रानातून चालता चालता मी मोठ्यानं वाचत होतो, "टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते." डोक्यावर एक टिटवी जीव तोडून ओरडत होती. माझं लक्ष पुस्तकात.

"पावणं, पाय टेकू नगा!"

बाई विळा टाकून धावत आल्या. माझ्या उचललेल्या चपलेखालची चार अंडी त्यांनी लेकीला दाखवली आणि औतवाल्याला कळावं म्हणून भोवती दगड मांडले.

घरी लेकीनं वहीत लिहिलं, 'आज मावशींनी टिटवी शिकवली. बाबा एका पायावर उभे होते.'

तपासायला मी लाल पेन उघडलं. चूक एकही सापडली नाही.