डाळीचं पाणी

आमच्या भागातलं बोअरचं पाणी खारं. किती खारं, तर त्यात तुरीची डाळ शिजत नाही. चार शिट्ट्या होऊ द्या, सहा होऊ द्या, दाणा बोटाखाली तसाच. म्हणून अकोल्याच्या या कडेला आमच्या घरी पाणी दोन जातीचं. बोअरचं धुण्याभांड्याला, आणि नळाचं, जे येईल त्या दिवशी भरून ठेवायचं, ते पिण्याला आणि डाळीला. माझं माहेर नांदगाव खंडेश्वराकडचं, गोड पाण्याचं. लग्नानंतरचं पहिलं वर्ष मी डाळीपायीच रडले म्हणा ना.

हे आधी सांगते, कारण पुढचं सगळं यावरच आहे.

माझे यजमान पाण्यात बुडालेली माणसं काढायचे. नोकरी वेगळी होती, हे काम हाक आली की. तलाव, खदान, विहीर, कुठंही. जिवंत माणूस क्वचितच हाती लागायचा. आधी गळ टाकून काढत, पण ते त्यांना सोसेना. म्हणायचे, "गळानं काढलेलं लेकरू त्याच्या मायनं पाहू नये." मग कोकणातून कोणाचा तरी वापरलेला सेट आणला. पाठीवरची हवेची टाकी, काळा रबरी सूट, आणि तोंडात धरून श्वास घ्यायचं ते यंत्र. रेग्युलेटर.

आणलं त्यांनी, सांभाळलं मी. मी सातवी शिकलेली, पण स्टोव्ह, कुकर, शिलाई मशीन, घरातलं काहीच मी बाहेर दुरुस्तीला दिलं नव्हतं. सूटचा गुडघा बाभळीच्या काट्यानं फाटला की आतून बारीक टाके, वरून सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणि पंक्चरचं सोल्युशन. पहिल्यांदा रेग्युलेटरच्या रबरी कड्याला मी खोबरेल तेल लावत होते, कुकरच्या रिंगेला लावते तसं. त्यांनी हात धरला.

"तळून काढतं का मले?" म्हणे. "याले तेल चालत नाई. हा मलम वेगळा येते."

नंतर मी व्हिडिओ पाहून पाहून शिकले. कडं कधी बदलायचं, आतला पातळ पडदा उजेडात धरून भोक कसं पाहायचं, सगळं. प्रत्येक व्हिडिओत एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत, की समुद्रातून आल्यावर गोड्या पाण्यानं धुवा. मी म्हटलं, आपल्याकडे कुठला आला समुद्र.

सासूबाई होत्या तेव्हा त्यांचा मोठा दंडक. तो सूट घरात नाही, मागच्या अंगणात. आणि नळाच्या पाण्याला हात नाही.

"लोकाच्या तोंडात जाईना पाणी," त्या म्हणत, "अन् तू मढ्याचे कपडे धुवून राह्यली त्यात."

त्यांचं नाव सांगून मला सुटता आलं असतं. पण खरं सांगायचं तर त्या गेल्यावरही मी बोअरच्याच पाण्यात धुवत राहिले. उन्हाळा होता, नळ लांबला होता, पाणी मीच वाचवत होते.

त्या उन्हाळ्यात एका गावच्या खदानीत एक मुलगी बुडाली. कॉलेजात जाणारी, कपडे धुवायला गेलेली. हे दुपारी गेले आणि दिवस मावळता रिकाम्या हातानं परत आले. असं कधी झालं नव्हतं.

"काय झालं हो?"

"झुडपात नळी अडकली," म्हणाले. "उद्या पाहू."

जेवले नाहीत. एवढंच बोलले, "तिची माय तिथंच बसून आहे. कोणी पाण्याचा गिलास देल्ला, तर तो धरूनच बसली. पेली नाई."

दुसऱ्या दिवशी मुलगी सापडली. हे घरी आले ते रेग्युलेटर न घेता. अमरावतीला एकाकडे तपासायला दिला म्हणे. मला फार लागलं ते.

"माह्या हातावर भरोसा नाई राह्यला का?"

"तुह्याच हातावर तं जगून राहिलो," म्हणाले आणि हसले. आठ दिवसांनी तो साफ होऊन आला. हातात देताना म्हणाले, "यापुढं हे डाळीच्या पाण्यानं धूत जाय."

"काहून?"

"असंच. रबराले बरं असते."

मी फुगलेलीच होते. पुढं विचारलं नाही. पण धुवायला लागले, डाळीच्या पाण्यानं. विचारायचं राहून गेलं ते राहूनच गेलं.

मागच्या वर्षी ते गेले. पाण्यात नाही, दवाखान्यात, काविळीनं. महिन्याभरानं त्यांच्या पथकातले एक भाऊजी सामान न्यायला आले. मी चहा ठेवला. सगळं पुसून, सुकवून, पोत्यात भरून ठेवलं होतं. त्यांनी रेग्युलेटर हातात घेऊन उलटापालटा केला.

"वहिनी, चकाचक ठेवला तुमी. नाहीतर ते खदानीचं आठवते ना? आतून सारा खार जमला होता. झडप चिकटली, हवा सुटली ते बंदच होईना. टाकी रिकामी झाली तिथंच. भाऊ कसे वर आले त्याहीलेच माहीत. मंग दुसरा सेट अमरावतीहून सकाळी आला, तवा ते पोरगी निघाली."

मी म्हटलं, "नळी अडकली होती ना?"

 मग त्यांच्या ध्यानात आलं. चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "व्हय, व्हय. नळीबी अडकली होती."

माणूस खोटं बोलला तर राग येतो. मला राग यायला जागाच नव्हती. ज्या पाण्यात डाळ शिजत नाही त्यात मी त्यांचा श्वास धुवत होते. आणि मला हे कळू नये म्हणून हा माणूस मरेपर्यंत गप्प राहिला. ते वर आले, ते मी देवाचं देणं समजेन. पण ती मुलगी एक रात्र जास्त पाण्यात राहिली, आणि तिची माय काठावर. ते कोणाच्या नावावर टाकू?

सामान मी भाऊजींना नेऊ दिलं, पण म्हटलं, धुवायला इथंच आणा. आणतात. नळ आला की आधी सूटची बादली भरते, मग डाळीची कळशी. बादलीत बोट बुडवून जिभेवर ठेवते. गोडच असतं, तरी पाहते.

त्या गावची एसटी आमच्या फाट्यावर थांबते. दोनदा मी जाऊन उभी राहिले, पिशवी घेऊन, लुगडं बदलून. कंडक्टरनं विचारलं, "कुठं जायचं मावशी?" मी म्हटलं, "कुठं नाही." तिथं जाऊन त्या बाईला काय सांगणार, आणि सांगितलं तर तिचं ओझं हलकं होईल की माझं? अजून ठरत नाही. गाडी जाते, मी परत येते, आणि डाळ टाकते.