हिरवं बटण

पावणे एमआयडीसीत माझ्या गाळ्याला लागूनच एका गृहस्थांचा गाळा. नेरूळहून रोज सकाळी इस्त्रीच्या शर्टात यायचे, शटर वर ढकलायचे, उदबत्ती ओवाळायचे आणि पत्रा कापायच्या पॉवर प्रेसचं हिरवं बटण दाबायचे. प्रेस ढिम्म. नोकरी सोडून, बँकेचं कर्ज काढून त्यांनी वॉशर बनवायचा धंदा मांडला होता. गाळा मिळाला, प्रेस आली, वीजच येईना. वीज ऑफिसात एकच उत्तर, "वरून मंजुरी यायचीय."

"मग बटण कशाला दाबता रोज?" मी एकदा चिडून विचारलं.

"आली असली तर? आपल्याला कोण सांगायला येतंय, शेठ!" असं म्हणून ते माझ्या मशीनचा आवाज ऐकत आपली प्रेस पुसत बसले.

दसऱ्याला झेंडूची माळ घेऊन दारात उभे. "शेठ, आजच्या दिवस तुमच्याकडून वायर ओढू? पूजेला तरी चालू दे."

पकडलं असतं तर माझीच लाईन कापली असती. पण सणाला नाही कसं म्हणणार? त्यांनी बटण दाबलं. प्रेस धडधडली, फरशी हादरली. त्यांनी पत्र्याची पट्टी सरकवली, तसा पहिला वॉशर खाली पडला. तो उचलून मुठीत घेतला आणि लगेच प्रेस बंद केली.

"अहो, चालू द्या की थोडा वेळ!"

"नको, शेठ. बास. जास्त ऐकलं तर उद्या नुसतं बटण दाबवणार नाही."

दुसऱ्या दिवशी शटर उघडलं, उदबत्तीचा वास आला. मी डोकावलो. ते बटण न दाबताच, कालचा वॉशर मुठीत धरून खुर्चीत बसले होते. हिरव्या बटणावर कालची माळ लोंबत होती. ती त्यांनी पुढे कधीच बाजूला केली नाही.