पेडलवरचा पाय

परवा मुलाच्या गाडीचा ब्रेक मऊ लागायला लागला म्हणून आम्ही थेरगावच्या एका गॅरेजात गेलो. हल्लीच्या गाड्यांना अँटिलॉक ब्रेक असतात आणि त्यांच्यातली हवा काढायला गॅरेजवाला आधी लॅपटॉप जोडतो. म्हटलं, चला, बायामाणसांची सुटका झाली. तेवढ्यात तो म्हणाला, "काकू, जरा सीटवर बसून ब्रेक दाबून धरता का? मी सांगितल्याशिवाय सोडायचा नाही." मी साफ नाही म्हणाले. मुलगा खजील होऊन माझ्याकडे बघत राहिला. मग तोच जाऊन बसला.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. माझं नुकतं लग्न झालं होतं. चिंचवडला कंपनीच्या कॉलनीत आम्ही राहायचो. हे सुपरवायझर होते, आणि ह्यांनी एक जुनी गाडी घेतली होती. आमच्या आधी तिने दोन घरं बघितली होती, पण ह्यांचा जीव तिच्यावर नव्या नवरीपेक्षा जास्त. नवरी मी होते, म्हणून खात्रीने सांगते.

माझे वडील, आबा, कुरुळीला शेती करायचे. लेकीच्या दारात गाडी आली ही बातमी त्यांनी सगळ्या भावकीला पुरवली होती. ह्यांनीही उत्साहाच्या भरात कबूल केलं होतं, "रविवारी या, गाडीने देहूला जाऊन येऊ." त्या रविवारी आबा पहिल्या एस्टीने हजर झाले. धुतलेलं धोतर, नवा फेटा. "लेकीच्या गाडीतनं चाललो," असं साऱ्या आळीला सांगून आले होते.

आणि इथे गाडी विटांवर उभी. आदल्या दिवशी ह्यांनी ब्रेकचं एक रबर बदललं होतं, तेव्हा लायनीत हवा शिरली. पेडल थेट तळाला जायचं. मेकॅनिकला बोलवायचं तर ह्यांचा बाणा आडवा आला. "तासाभराचं काम आहे," म्हणाले. आबा वर घरात यायला तयार नव्हते. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, अशी त्यांची रीत. ते खाली लिंबाच्या पारावर बसले.

काम दोघांचं. मी सीटवर बसून पेडल दाबायचं आणि "दाबलं" म्हणायचं. मग हे गाडीखाली चाकामागचा छोटा स्क्रू सैल करणार, तेलाबरोबर हवेचे बुडबुडे नळीतून बरणीत येणार. त्यांनी स्क्रू आवळून "सोड" म्हटलं की पाय काढायचा. त्याआधी काढला तर हवा पुन्हा आत, आणि सगळं मुसळ केरात.

पण म्हणायचं कसं? वर गॅलरीत सासूबाई उभ्या. सुनेचा आवाज उंबऱ्याबाहेर जाता कामा नये, ही त्यांची शिकवण. मी आपली पदर सावरत पुटपुटायची, "दाबलं." गाडीखाली ते पोचायचं नाही. हे विचारायचे, "काय?" मला ऐकू यायचं "सोड," आणि मी सोडायची. दोनदा तसं झाल्यावर ह्यांचं डोकं बाहेर आलं, तोंड तेलाने काळं आणि रागाने लाल.

"तोंडात मिठाची गुळणी धरलीस का?"

समोरच्या गॅलऱ्यांत हशा झाला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आबांच्या देखत! ते आयुष्यात मला 'अगं'पलीकडे वाकडा शब्द बोलले नव्हते.

आबा पारावरून उठले. "उठ पोरी. आमी दाबतो." गाडीच्या दाराशी त्यांनी वहाणा काढल्या, स्टीअरिंगला हात लावून नमस्कार केला आणि अनवाणी पाय पेडलवर ठेवला. मग जी हाक दिली! "दाबलंऽऽ!" मोटेवर बैलांना द्यायची ती हाक, चारी बिल्डिंगा दणाणल्या. आणखी लोक बाहेर आले. खरं सांगते, मला त्या हाकेचीही लाज वाटली. पण काम सुरळीत चाललं. तीन चाकं झाली, पेडल चढायला लागलं.

चौथ्या चाकाच्या वेळी ह्यांच्या खात्याचे साहेब भाजीची पिशवी घेऊन तिथून चालले होते. थांबले. "काय राव, मेकॅनिक कुठला पकडलात? आवाज भारी आहे!"

गाडीखालून ह्यांचं उत्तर आलं, "गावाकडचा माणूस आहे साहेब. कामापुरता बोलावलाय."

मी दाराशीच उभी होते. आबांनी माझ्याकडे बघितलं नाही. स्क्रू उघडा होता, त्यामुळे त्यांना पायही हलवता येत नव्हता. पेडल तसंच दाबून धरून ते हसतमुखाने म्हणाले, "व्हय साहेब. कामापुरताच."

तेव्हा माझा आवाज फुटला. "ते माझे आबा आहेत! माझे वडील!" सासूबाईंनी ऐकलं, साहेबांनी ऐकलं, सगळ्या कॉलनीने ऐकलं. साहेब गडबडून "अरे वा, नमस्कार, नमस्कार" करत निघून गेले.

मला वाटलं होतं, आबांना बरं वाटेल. त्यांचा चेहरा उतरला. ह्यांनी झाकलं होतं ते मी चव्हाट्यावर मांडलं होतं, आणि जावयाची मान खाली गेली ती त्यांच्यामुळे, असं त्यांना वाटलं. ते हळूच म्हणाले, "वरडू नगंस, पोरी." मग खाली वाकून, अगदी अदबीने, "जावईबापू, आवळलं का? सोडू का पाय?"

गाडीखाली स्क्रू आवळल्याची करकर झाली. मग बारीक आवाजात आलं, "सोडा."

ब्रेक झकास लागला. चाकं चढली. ह्यांनी हात धुतले, गाडीचं पुढचं दार उघडून धरलं आणि खाली बघत म्हणाले, "बसा ना आबा. देहूला जाऊ." आबा वहाणा घालत म्हणाले, "आज नगं. गुरं एकटी हायेत." आणि नवा फेटा सारखा करून स्टँडकडे चालायला लागले. मी कॉलनीच्या फाटकापर्यंत गेले.

पुढे ह्यांनी पुष्कळ वेळा बोलावलं, मनापासून बोलावलं. गाडी घेऊन कुरुळीलाही गेले. तोवर मुलगाही झाला होता, आबा आमच्याकडे जेवायला येत. एस्टीने येत, एस्टीने जात. गाडीचं नाव काढलं की हसून जावयाच्या खांद्यावर हात ठेवायचे.

"बसलोय की एकदा."