सोनकांबळे मॅडमचं जहाज

सोनकांबळे मॅडमना साधी बादली घ्यायची असली तरी तीन दुकानांतले भाव लागायचे. नुसते विचारून नव्हे, लिहून. पाठकोऱ्या कागदावर पट्टीनं रेघा मारायच्या, वर दुकानांची नावं, खाली भाव, वजन, कडी पक्की की कच्ची, आणि शेवटचा रकाना शेऱ्याचा. कागद दोन दिवस पर्समध्ये राहायचा आणि तिसऱ्या दिवशी बादली घरी यायची. नांदेडच्या एका कॉलेजात त्या भांडार विभागाच्या हेडक्लार्क होत्या. त्या कॉलेजच्या फाटकासमोर आमचं स्टेशनरी आणि झेरॉक्सचं दुकान आहे. सरकारी खरेदीत ज्याला तुलनात्मक तक्ता म्हणतात, तो मॅडमच्या अंगात मुरला होता. "मीना, तक्ता बोलतो," त्या म्हणायच्या, "आपण तोंड कशाला वाजवायचं?"

आमची ओळख भांडणानं झाली. कॉलेजात काही घ्यायचं तर तीन दुकानांची कोटेशनं लागतात. माल कुठून घ्यायचा ते बहुतेकदा आधीच ठरलेलं असतं, कागद पुरा करायला उरलेली दोन लागतात. मग शिपाई येऊन म्हणायचा, "ताई, एक तिसरं कोटेशन द्या, भाव जरा चढा लावा." मी लेटरहेडवर चढा भाव लिहायची, शिक्का मारायची. त्यात आम्हाला काही मिळत नाही. शेजारधर्म म्हणून सगळेच दुकानदार देतात. मॅडम भांडारात आल्या आणि पहिल्याच आठवड्यात माझं एक कोटेशन घेऊन रस्ता ओलांडून दुकानात हजर झाल्या.

"ह्या भावानं लोखंडी कपाट देशील का?"

"मॅडम, आम्ही कपाटं विकतच नाही."

"मग भाव कशाला सांगितलास? जी चीज द्यायची न्हाई, तिचा भाव सांगू नये माणसानं."

कागद त्यांनी फाडला नाही. काउंटरवर ठेवला आणि पेनच्या दोन रिफिली घेऊन गेल्या. त्या तिथं होत्या तोवर माझ्या दुकानातून खोटं कोटेशन गेलं नाही. त्या निवृत्त झाल्यावर शिपाई पुन्हा यायला लागला आणि मीही पुन्हा द्यायला लागले.

त्या मूळच्या मुखेडकडच्या एका खेड्यातल्या. आई-वडील दुसऱ्याच्या रानात राबायचे. आजोबांनी बौद्ध धम्म घेतला तेव्हा घरातला देव्हारा गेला आणि त्या कोनाड्यात पाटी आली, असं त्या सांगत. लग्न केलं नाही. धाकट्या भावाची तीन लेकरं शिकवली. भाऊ शिरूर अनंतपाळला घर बांधून राहिला आणि मॅडम नांदेडात एका खोलीत तीस वर्षं भाड्यानं राहिल्या. कॉलेजात त्या छापील मराठी बोलायच्या, माझ्या स्टुलावर बसल्या की मुखेडचं.

निवृत्तीनंतर चार-पाच वर्षांनी घरमालकानं जागा बिल्डरला दिली आणि खोली खाली करायला सहा महिन्यांची मुदत दिली. त्याच आठवड्यात मॅडम मोबाइल घेऊन आल्या. "ह्यातलं हे छापून दे. रंगीत नको, लई पडतं." पाहते तर जहाजाचं चित्र. दहा-बारा मजल्यांचं, पांढरं.

"फिरायला चाललात की काय मॅडम?"

"फिरायला न्हाई गं. राहायला."

मी हसले. त्या हसल्या नाहीत. कुठल्याशा देशातली एक म्हातारी घरदार विकून कायमची जहाजावर राहते, असा व्हिडिओ त्यांनी पाहिला होता. जेवण तयार, अंथरूण-पांघरूण बदलून मिळतं, डॉक्टर खालच्या मजल्यावर. समुद्र मॅडमनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. त्याचं त्यांना काही वाटतही नव्हतं. "समुद्र जाऊ दे," त्या म्हणाल्या, "पैसे देऊन राहायचं. कुणाचा उपकार न्हाई. आन् कुणी आडनाव ऐकून खोली भरली म्हणत न्हाई."

पुढचे दोन महिने त्या दर मंगळवारी यायच्या. जहाजावर कायमचं राहायचे दोन प्रकार, एक गरिबाचा आणि एक श्रीमंताचा. गरिबाच्या प्रकारात जुन्या जहाजावर बिनखिडकीची खोली घ्यायची आणि एक फेरी संपली की दुसरी, अशा फेऱ्या जोडत राहायच्या. मध्येच खोली बदलते, ट्रंक उचलून दुसऱ्या मजल्यावर जायचं. कपडे धुवायचे वेगळे पैसे. श्रीमंताच्या प्रकारात जहाजातला फ्लॅटच विकत घ्यायचा. गॅलरी, स्वयंपाकघर, वाचनालय, आणि आपल्या सोसायटीला असतो तसा दरमहा मेंटेनन्स. मॅडमनी दोन्हींच्या बारीकसारीक चौकश्या केल्या. भाचीकडून इंग्रजीत पत्रं लिहवून घेतली. पेन्शनचा हयातीचा दाखला भर समुद्रातून कसा द्यायचा, याचंही उत्तर मिळवलं.

एक दिवस त्या वाचून दाखवत होत्या, "जेवण, दोन्हीकडं हाय. दवाखाना, दोन्हीकडं. मयताची सोय, दोन्हीकडं. थंड खोली असते म्हणे, पुढच्या बंदरापातुर ठेवून राहतात."

"मॅडम, असलं काय विचारता!"

"का? खोली घेताना नळाला पाणी किती वेळ येतं ते विचारतेस ना? तसंच हे."

श्रीमंताचा प्रकार त्यांनी शोभेपुरता ठेवला होता. गरिबाचाही पेन्शनीत बसत नव्हता. फंड घातला तर सात-आठ वर्षं निघत होती. पुढं काय, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "पुढं मला येळेवर मरावं लागंल. त्याची तजवीज करून राहिले."

जहाजाचं चालू असताना त्या नांदेडात खोल्याही बघत होत्या. त्याचाही कागद होता. त्यात भाड्याचे दोन रकाने. आधी भाडं विचारायचं, मग नाव सांगायचं, मग पुन्हा भाडं विचारायचं आणि दोन्ही आकडे लिहायचे. "आता तोंडावर न्हाई कुणीच म्हणत न्हाई," त्या म्हणाल्या. "लई सभ्य लोक हायेत. नाव सांगितलं की भाडं दुप्पट करतात. मग आपणच समजायचं." हे त्या इतक्या सपाट आवाजात सांगायच्या की मी झेरॉक्स काढता काढता ऐकायची आणि गिऱ्हाईक आलं की विसरून जायची.

भावाचं घर त्यांनी तक्त्यात धरलं नव्हतं. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "तिथं पैसे घेत न्हाईत. मग ते कोटेशन कसं होईल? तिथं नुसतं बसून राहायचं, पोरांच्या वाटेत."

मुदतीचा शेवटचा महिना लागला. मॅडम दुपारी आल्या, दुकानात कुणी नव्हतं. स्टुलावर बसल्या नाहीत.

"मीना, दोन कोटेशनं झाली. तिसरं न्हाई म्हणून तक्ता अडला हाय. तुझी वरची खोली रिकामी हाय ना? तिचं दे. लेटरहेडवर दे."

माझा मुलगा पुण्याला नोकरीला गेल्यापासून ती खोली बंदच होती, खाली आम्ही आणि सासूबाई. मला वाटलं, मॅडमचं मन त्या बिनखिडकीच्या खोलीवर बसलंय. भावाला दाखवायला कागद पुरा हवा असेल. मग जहाज जिंकायला हवं. मी लेटरहेड ओढलं आणि चालू भावाच्या दुप्पट भाडं लिहिलं, पाणीपट्टी वेगळी, सहा महिन्यांची अनामत. शिक्का मारला. जुन्या सवयीचा हात, मिनिटभरसुद्धा लागलं नाही. मी खूश होते, त्यांच्या कामी आले म्हणून.

त्यांनी चष्मा लावून उभ्यानं वाचलं.

"हा शेवटचा भाव हाय?"

"शेवटचा मॅडम," मी हसत म्हणाले.

"बरं." त्यांनी घडी घातली, पर्समध्ये ठेवली. "मशीनचं झाकण लाव, धूळ बसून राहिली."

महिनाअखेर त्या शिरूर अनंतपाळला गेल्या. तात्पुरत्या, असं म्हणाल्या. जहाजाचं काय झालं, विचारलं तर म्हणाल्या, "तक्ता नामंजूर झाला." मला वाटलं, पैशांचं जमलं नसेल. पुढं मी फोन केला की "बरं हाय" एवढंच म्हणायच्या. त्यांच्याकडून फोन कधी आला नाही. आठ महिन्यांनी भाचीचा आला. दुपारी जेवून आडव्या झाल्या, ती चहाला उठवायला गेली तर उठल्या नाहीत.

पुण्यानुमोदनाला मी एसटीनं गेले. वंदना झाली, जेवणं झाली. भाची उज्ज्वला आतून एक फाइल घेऊन आली. "मावशी, आत्याचे कागद. सगळे तुमच्याच दुकानातले आहेत, तुम्हीच ठेवा." मी तिथंच ओसरीवर बसून उघडली. वर खोल्यांचा तक्ता होता. पाच घरमालक, भाड्याचे दोन-दोन आकडे, आणि पाचही नावांपुढं शेऱ्याच्या रकान्यात एकच शब्द. समजले.

खाली जहाजाचा तक्ता होता. तिसरा रकाना 'मीनाची वरची खोली'. तो त्यांनी बराच आधी निळ्या शाईनं भरलेला दिसत होता. खिडक्या, दोन. कपडे वाळत घालणे, गच्ची. दवाखाना, चालत दहा मिनिटे. बोलायला माणूस, आहे. हा मुद्दा जहाजांच्या रकान्यांत कोरा होता. मयताची सोय, मीना भावाला कळवील. फक्त भाड्याचा आकडा काळ्या शाईनं, नंतर लिहिलेला. आणि शेरा, समजले.

मला रडू आलं नाही. पाणी प्यावंसं वाटलं आणि तांब्या कुठं आहे ते आठवेना. ज्या बाईनं उभ्या नोकरीत एक खोटं कोटेशन घेतलं नाही, ती स्वतःसाठी खोटं कशाला मागेल, एवढं मला कळायला हवं होतं. त्या दुपारी माझ्या मनात जात नव्हती. हे खरं आहे. पण त्यांना ते कसं कळणार होतं? घरमालकांनी सांगितला तसाच दुप्पट आकडा मीही लिहिला, वर शिक्का मारला. आणि त्यांनी सरळ विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं, असं मी घरी येईपर्यंत स्वतःला सांगत होते. रात्री सासूबाईंच्या खोलीवरून जाताना तेही सांगवेना; वर कोण राहणार, आडनाव काय, हे त्यांनी आधी विचारलं असतं.

पण ते नंतरचं. ओसरीवर उज्ज्वला माझ्या खांद्यावरून कागद बघत होती. तिनं तिसऱ्या रकान्यावर बोट ठेवलं.

"मावशी, वरच्या खोलीचं भाडं एवढं आहे?"

पोर नुसतं विचारत होती. तिच्या आवाजात काही नव्हतं.

"हो," मी म्हणाले.